युती ठरते मुंबईत, कळते माघारीच्या दिवशी

प्रश्न डोंबिवलीत राहणाऱ्या एका तरुणाचा आहे, मूळ गाव कुडाळ तालुक्यातलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "२०१९ ला आमचे काका वाडीत वैभव नाईकांची पत्रकं वाटत होते. २०२४ ला ते नीलेश राण्यांच्या मांडवात दिसले. चिन्ह दोन्ही वेळा धनुष्यबाणच. मग पक्ष नक्की कोणी बदलला? युती झाली की एकाची मतं खरंच दुसऱ्याला जातात का? आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या मतदारसंघांनी लोकसभेला महायुतीला मागे ठेवलं, त्यांनीच सहा महिन्यांत तिचे आमदार कसे निवडून दिले? आणि निकाल लागला की युती संपते का?" शेवटी त्याने जाता जाता आणखी एक विचारलंय, त्याच्याकडे शेवटीच वळतो.

मी वकील आहे. १९९५ पासून विधानसभेच्या प्रत्येक निवडणुकीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोणा ना कोणाचे अर्ज भरून दिलेत, छाननीला उभा राहिलोय, मतमोजणीच्या टेबलावर बसलोय. भगवे, तिरंगी, हिरवे, सगळ्या रंगांचे अशील होऊन गेले. त्यामुळे मी सांगतो ते कागदाच्या बाजूने. सभेतलं तुम्ही टीव्हीवर बघितलेलंच आहे.

कागदावरून सुरुवात करायची तर, निवडणूक कायद्यात युतीला जागाच नाही. यंत्रावर युतीचं नाव येत नाही की चिन्ह येत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला फक्त एबी फॉर्म कळतो. 'ए' म्हणजे पक्षाच्या वतीने सही कोण करणार ते, आणि 'बी' म्हणजे अमक्या मतदारसंघात आमचा माणूस हा, आणि त्याचा अर्ज उडाला तर पर्यायी तो. हे दोन कागद अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत, सही शाईची पाहिजे, शिक्का किंवा फॅक्स चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. म्हणून आम्ही जुने लोक पक्षाच्या उमेदवाराच्या एखाद्या संचावरही दहा सूचकांच्या सह्या घेऊन ठेवतो. फॉर्म आलाच नाही तर माणूस निदान अपक्ष म्हणून तरी उभा राहतो. मुंबईत पत्रकार परिषदेत हात उंचावणारे नेते काय बोलले याला आमच्या टेबलावर किंमत नसते. पाकीट आलं का, एवढंच आम्ही विचारतो.

२०१४ चं बघा. २५ सप्टेंबरला संध्याकाळी भाजप-शिवसेनेची पंचवीस वर्षांची युती तुटली, त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली. अर्जाची मुदत २७ ला दुपारी तीनपर्यंत. म्हणजे चार पक्षांना दोन दिवसांत सगळीकडे माणसं शोधायची होती. ज्या पक्षाने एखाद्या मतदारसंघात वीस-वीस वर्षं उमेदवारच दिला नव्हता, त्याच्याकडे तिथे यादीभागाप्रमाणे बूथवर बसायला माणसं नव्हती. २६ च्या रात्री मुंबईहून रेल्वेने निघालेला एक पोरगा सकाळी कुडाळ स्टेशनला उतरला तो शर्टाच्या आत, बनियनला टेकवून ठेवलेलं पाकीट घेऊन. घामाने पाकिटाची एक बाजू मऊ झाली होती. सहीची शाई पसरली नव्हती ना, हे आम्ही तिघांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. त्या वर्षी चौरंगी लढतीत कुडाळला शिवसेनेच्या वैभव नाईकांनी काँग्रेसच्या नारायण राण्यांना दहा हजारांवर मतांनी हरवलं, आणि शेजारच्या कणकवलीत त्याच काँग्रेसच्या तिकिटावर नितेश राणे निवडून आले. दोन मतदारसंघांच्या मध्ये एक नदी आणि एक घाटी, निकाल मात्र उलटे.

आता मतं वळतात का, या मूळ प्रश्नाकडे येतो.

वळतात, पण आपोआप वळत नाहीत. कोणीतरी ती वळवावी लागतात, आणि ज्याला वळवायची असतात त्याला आपल्या पोटात काय आहे ते आधी विसरावं लागतं. युती म्हणजे एका पक्षाच्या तालुकाप्रमुखाने पाच वर्षं मनात जपलेली आमदारकी सोडून देणं. वर ठरलं की जागा 'सुटते' असा शब्द आहे. कोणाला तरी ती सुटते तेव्हा कोणाच्या तरी हातून ती सुटलेली असते.

याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण गुहागर, २००९. गुहागर म्हणजे नातू घराण्यामुळे भाजपची कोकणातली हक्काची जागा. जागावाटपात ती शिवसेनेकडे गेली आणि तिथे उभे राहिले रामदास कदम, म्हणजे त्या वेळचे विधानसभेतले विरोधी पक्षनेते. डॉ. विनय नातूंनी बंडखोरी केली. युतीची मतं दोन ठिकाणी फुटली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. विरोधी पक्षनेता पडतो म्हणजे काय, हे तेव्हा मुंबईला कळलं. गुहागरात ते माघारीच्या, म्हणजे अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशीच कळलं होतं, नातूंचं नाव यादीत राहिलं तेव्हा. हेच जाधव पुढे २०१९ ला शिवसेनेत परतले आणि २०२४ ला मशालीवर, म्हणजे ठाकरे सेनेच्या चिन्हावर, थोडक्यात वाचले. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून पंधरा जागा, त्यांतली महाविकास आघाडीच्या हाती लागलेली ती एकच.

२०१९ ला सिंधुदुर्गात जे झालं ते तर मी नव्या वकिलांना गोष्टीसारखं सांगतो. राज्यात युती होती. भाषणात दोन्ही पक्ष एकमेकांचे भाऊ होते. आणि जिल्ह्याच्या तिन्ही जागांवर ते एकमेकांच्या समोर होते. कणकवलीत भाजपचे अधिकृत उमेदवार नितेश राणे, आणि शिवसेनेने सतीश सावंतांना एबी फॉर्म देऊन टाकला. कुडाळात शिवसेनेचे नाईक, समोर भाजपचा पाठिंबा असलेले अपक्ष रणजित देसाई. सावंतवाडीत शिवसेनेचे दीपक केसरकर, समोर भाजपचे बंडखोर राजन तेली. याला वर्तमानपत्रात 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. एका जुन्या कार्यकर्त्याने मला प्रांत ऑफिसच्या बाहेर विचारलं होतं, "वकीलानू, काल जेका गाळी घातलंय, तेचोच झेंडो आज खांद्यार घेवचो?" मी म्हटलं, नको घेऊस, तुझ्याकडे यंदा दोन झेंडे आहेत. तो हसला नाही.

सावंतवाडीचा तर आणखी एक पदर आहे. तेलींनी केसरकरांविरुद्ध २०१४ ला कमळावर, २०१९ ला अपक्ष आणि २०२४ ला मशालीवर निवडणूक लढवली. तीन वेळा, तीन चिन्हं, समोर तोच माणूस. आणि तो माणूस २००९ ला घड्याळावर निवडून आलेला होता. आमच्याकडे पक्ष म्हणजे बरेचदा समोरच्या माणसाच्या विरुद्ध बाजूला असलेली मोकळी जागा असते. ती जागा जो पक्ष भरून देईल त्याचा झेंडा.

तुमच्या काकांचं उत्तर यातच आहे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. नाईक ठाकऱ्यांबरोबर राहिले आणि मशालीवर आले. २०२४ ला जागावाटपात कुडाळ शिंदेंच्या शिवसेनेला सुटलं, म्हणून नीलेश राणे अर्ज भरायच्या आठवड्यातच भाजपमधून तिकडे गेले. भाऊ नितेश कणकवलीत कमळावर, हे कुडाळात धनुष्यबाणावर. एका घरात दोन चिन्हं, युती मात्र एकच. ज्या धनुष्यबाणावरच्या नाईकांनी २०१४ ला वडिलांना पाडलं, तोच धनुष्यबाण घेऊन मुलाने दहा वर्षांनी नाईकांना आठेक हजारांनी हरवलं. तुमचे काका चिन्हाबरोबर राहिले. कोकणात अशी माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः साठीच्या पुढची. त्यांनी १९९० पासून एकच चिन्ह ओळखलं, आधी शिक्का मारायला, मग बटण दाबायला. त्यांना पक्षबदलू म्हणू नका, त्यांच्या दृष्टीने बाकीच्यांनी पक्ष बदलला.

आता लोकसभा आणि विधानसभा. मतमोजणी झाली की फॉर्म २० तयार होतो, केंद्रनिहाय कोणाला किती मतं पडली त्याचा तक्ता. दोन निवडणुकांचे हे तक्ते शेजारी ठेवले की युतीचा एक्स-रे निघतो. मे २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. पण ती आघाडी सिंधुदुर्गातल्या तीन मतदारसंघांची होती. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी ठाकरे सेनेचे विनायक राऊत पुढे होते. आता त्या वेळचं यंत्र डोळ्यांसमोर आणा. ज्या मतदारसंघात वर्षानुवर्षं शिवसेना लढत आली, तिथे २०२४ ला यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच. जागा भाजपला गेली होती. शेजारच्या रायगडातही महायुतीचं चिन्ह घड्याळ होतं. म्हणजे पनवेल, कर्जत, उरण हे मावळला जोडलेले उत्तरेकडचे तीन मतदारसंघ सोडले, तर पेणपासून दोडामार्गपर्यंत एकाही मतदाराला लोकसभेला धनुष्यबाण दिसला नाही. रत्नागिरीच्या शिवसैनिकाला सांगण्यात आलं की ज्यांनी २००५ ला बाळासाहेबांना सोडलं, त्यांच्यासाठी कमळ दाबा. काहींनी दाबलं. काहींनी मशाल दाबली, ती निदान ओळखीच्या माणसाची होती. आणि काही जण, हे फॉर्म २० वर दिसत नाही, भर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायचं काम आहे असं सांगून बागेत राहिले.

नोव्हेंबरमध्ये तीच वाडी, तीच शाळा, तेच केंद्र. पण आता रत्नागिरीत उदय सामंत आणि राजापुरात त्यांचे भाऊ किरण सामंत, दोघांकडे धनुष्यबाण. किरण सामंतांना लोकसभा लढवायची होती, ती भाजपला सुटली, त्यांना राजापूर मिळालं. म्हणजे लोकसभेला ज्याचं मन मोडलं होतं तोच विधानसभेला उमेदवार. त्याची माणसं आता दुसऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी फिरत होती. चिपळुणात अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शेखर निकम विद्यमान आमदार, ज्यांना प्रत्येक वाडीचा रस्ता तोंडपाठ. राजापुरात राजन साळवींसारखा तीन वेळचा आमदार पडला. लोकसभेला महायुतीला दुसऱ्याचं चिन्ह दुसऱ्याच्या कार्यकर्त्याकडून विकायचं होतं, विधानसभेला प्रत्येकाने आपलं चिन्ह आपल्या माणसांकडून विकलं. त्यात लाडक्या बहिणीचे जुलैपासूनचे महिन्याला दीड हजार ऑगस्टपासून खात्यात पडायला लागले होते, आणि नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेच्या आधीच जमा झाला होता. त्याचा परिणाम किती हे मला मोजता येत नाही. पण रांगेत पासबुक पर्समध्ये घेऊन आलेल्या बाया मी बघितल्या आहेत, आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून आल्यासारख्या वाटत नव्हत्या. मालवणच्या राजकोटावर २६ ऑगस्टला महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा सगळ्यांना वाटलं कुडाळ-मालवणची निवडणूक यावरच होणार. राग खरा होता. तो मतदानाच्या दिवसापर्यंत पुरला नाही.

विरोधकांच्या बाजूला बेरीज जमली नाही त्याचं उदाहरण रायगडात. उरणला २०१९ ला महेश बालदी भाजपचे बंडखोर म्हणून अपक्ष उभे राहिले आणि युतीतल्या शिवसेनेच्या मनोहर भोईरांना पाडून आले. २०२४ ला तेच बालदी कमळावर. समोर शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे प्रीतम म्हात्रे आणि ठाकरे सेनेचे भोईर, दोघेही. बालदी सहा-साडेसहा हजारांनी जिंकले. म्हात्रे आणि भोईर यांची मतं एकत्र केली तर ती बालदींच्या कितीतरी पुढे जातात. अर्थात 'एकत्र केली तर' हा शब्दप्रयोग मोजणीच्या दिवशी हरलेल्यांच्या तंबूत फार चालतो. भोईर मागे हटले असते तर त्यांच्या सगळ्या माणसांनी शेकापला मत दिलं असतं, असं तिथल्या कोणाही जाणत्या माणसाला वाटत नाही. शेकाप आणि शिवसेना एकमेकांविरुद्ध लाठ्याकाठ्यांनी लढलेल्या गावांतली ती मतं. कर्जतला उलट महायुतीतच घोटाळा. शिंदे सेनेचे महेंद्र थोरवे कसेबसे आले, दुसऱ्या नंबरला होते मित्रपक्ष राष्ट्रवादीतून बंडखोरी केलेले सुधाकर घारे.

म्हणून मी म्हणतो, युती झाली का हे बघायचं तर माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजता बघा. गेल्या वेळी तो दिवस होता ४ नोव्हेंबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. किनारपट्टीवरच्या एका मतदारसंघात एक बंडखोर माझ्या गाडीत बसून होता. नाव सांगत नाही, अजून राजकारणात आहे. माघारीचा अर्ज सही करून डॅशबोर्डवर ठेवलेला, वर करंज्यांचा डबा, कागद उडू नये म्हणून. अर्ज उमेदवाराने स्वतः द्यायचा, नाहीतर लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला. तो गाडीतून उतरून चिंचेखाली गेला. काय बोलणं झालं मी ऐकलं नाही, काच वर होती आणि मी ती मुद्दाम खाली केली नाही. परत आला तेव्हा डबा बाजूला करून कागद उचलला आणि म्हणाला, "चला." अडीच ते पावणेतीन या वेळात तो ऑफिसच्या पायऱ्या चढला. बाहेर त्याची चाळीसेक पोरं होती. त्यांतला एक जण खाली बसला आणि चपलेने माती उकरत राहिला. त्या दिवशी बंडखोर थंड झाला असं वर्तमानपत्रात आलं. माझ्या डोळ्यांसमोर तो माती उकरणारा पोरगा आहे. मतदानाच्या दिवशी तो अधिकृत उमेदवाराच्या टेबलावर बसला होता, यादी समोर होती, पण चिठ्ठ्या फाडत नव्हता.

तीन वाजल्यानंतर कोणी 'पाठिंबा' जाहीर केला तरी त्याचं नाव यंत्रावर राहतं, आणि थोडीबहुत मतं त्याला पडतातच. कणकवलीत २००९ ला प्रमोद जठार ३४ मतांनी आमदार झाले, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. नावाचं महत्त्व रायगडला विचारा. २०१४ च्या लोकसभेला अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि सुनील तटकरे नावाच्या दुसऱ्याच एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. तेव्हापासून माघारीची यादी लागली की मी आधी एकसारखी नावं शोधतो, मग बंडखोर.

निकालानंतर युती संपते का, असंही तुम्ही विचारलंय. ती चालू असते, फक्त आतल्या खोलीत जाते. जानेवारी २०२५ ला अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या आदिती तटकऱ्यांना रायगडचं पालकमंत्रिपद जाहीर झालं, शिंदे सेनेच्या भरत गोगावल्यांचे कार्यकर्ते मुंबई-गोवा महामार्गावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती आली. दोन्ही एकाच सरकारात मंत्री. हरलेल्यांचं वेगळंच. राजापूरचे साळवी आणि दापोलीचे संजय कदम ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याच पक्षात, शिंदे सेनेत गेले. महाडच्या स्नेहल जगताप अजित पवारांकडे गेल्या, म्हणजे गोगावल्यांशी भांडणाऱ्या मित्रपक्षात. हे मला सगळ्यात तर्कशुद्ध वाटलं. आणि २०२५ च्या डिसेंबरात कणकवली नगरपंचायतीला शहर विकास आघाडीच्या संदेश पारकरांमागे दोन्ही शिवसेना उभ्या राहिल्या, भाजपच्या विरोधात. म्हणजे विधानसभेला जे मशाल घेऊन नितेश राण्यांसमोर होते, त्यांना नीलेश राण्यांच्या पक्षाचं बळ. पारकर नगराध्यक्ष झाले. तुमचे काका कणकवलीत असते तर त्या दिवशी कोणत्या मांडवात असते, हे त्यांनाच विचारा. मला वाटतं ते घरी असते.

तुमचा शेवटचा प्रश्न: नाव गावच्या यादीत आहे आणि डोंबिवलीतही आहे, मत कुठे द्यावं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटी माहिती देऊन नाव टिकवलं तर तो गुन्हा आहे. शिमग्याला गाडी भरून जाता तशी मतदानाला मंडळाची गाडी येते, तिच्यात बसून दोन्हीकडे शाई लावायचा विचार कोणी सुचवत असेल तर बसू नका. जिथे राहता तिथलं ठेवा. गावचं काढायला फॉर्म ७ भरा, आणि आईचंही बघून घ्या, लग्नाआधीच्या नावाने माहेरच्या यादीत बहुधा ती अजून आहे.